हवेचं भाडं

राडारोड्याचा ट्रॅक्टर आमच्या हौदाशी येऊन थांबला तेव्हा मी कोपरापर्यंत पाण्यात होते. टोपल्या विणायच्या फोकांचा भारा पाण्याखाली दाबायचा म्हणजे अंगात जोर लागतो. तो वर यायला बघतो आणि आपण त्याच्या छाताडावर बसायला बघतो. ट्रॅक्टरवाल्यानं मागचा फाळका सोडला, आणि विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, कुणाच्या तरी मोरीची फुटकी फरशी असं सगळं धडाडधूम माझ्या शेजारी कोसळलं. नाकातोंडात धुरळा गेला.

"अहो, माणूस बसलंय, जरा बघा की!"

"मला काय माहीत वहिनी? दादा म्हणाले, हौदाच्या तोंडाशीच टाक. नाही तरी आतच ढकलायचाय."

दादा म्हणजे माझा नवरा. मी ओल्या हातांनीच घरात गेले. हे बूट घालत बसले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"हौद बुजवताय?"

"बुजवतोय. वर स्लॅब टाकणार. गाड्या धुवायचं दुकान काढणार."

"आणि मला कधी सांगणार होता?"

"आता सांगतोय की."

माझं डोकंच फिरलं. पण खरं सांगायचं तर त्यांचंही काही चुकत नव्हतं. फळांचा व्यापारी सगळ्या हंगामाच्या टोपल्या आमच्याकडून उचलायचा. सासूबाई या घरात आल्या तेव्हापासून हे चालू होतं. यंदा फोक तोडून झाले, भारे बांधून शेडमध्ये आले, आणि मग त्याचा निरोप आला की टोपल्या नकोत, प्लास्टिकचे क्रेट घेतलेत. झालं. सांगायचं होतं तर तोडणीच्या आधी सांगायचं. भारे आणताना यांच्या खांद्याची सालं निघाली होती.

"गाड्या धुवायला पाणी कुठलं आणणार?" मी विचारलं. ओढा आटत चालला होता. हौदातलं पाणी रोज खाली जात होतं.

"टँकर लावीन."

"वा! विकतचं पाणी आणून लोकांचा चिखल धुणार. हुशार आहात."

"मग तू सांग ना काय करू! फोक वाळले की मोडतात. मोडले की जळण. जळणाला कोण विचारतं?"

शेडच्या दारात सासूबाई बसल्या होत्या. दोन्ही पायांच्या मध्ये टोपलीचं बूड धरलेलं, तोंडात एक काडी. त्यांनी सगळं ऐकलं असणार. पण त्या नुसत्या हातातल्या ठोकणीनं वीण खाली ठोकत राहिल्या, नेहमीपेक्षा जरा जोरानं.

मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. व्यापाऱ्याचा निरोप आला त्याच दिवशी मी टोपल्यांचे फोटो काढून फोनवरच्या बाजारात टाकले होते. सगळ्या जगाला दिसतो म्हणतात तो बाजार. हे हसले होते. आणि ट्रॅक्टर आला त्याच दुपारी फोन वाजला. समुद्रापलीकडच्या एका बाईंना टोपल्या हव्या होत्या. घरात ठेवायच्या झाडांचं त्यांचं दुकान होतं, कुंड्या टोपलीत ठेवून मांडायच्या होत्या. बारा पाहिजेत म्हणाल्या. मी सांगितलेली किंमत त्यांनी तशीच कबूल केली, वर पार्सलचं भाडंही स्वतः देते म्हणाल्या. भाषा त्यांची वेगळी, पण फोनच उलथापालथ करून आपल्या भाषेत सांगतो, त्यामुळे आमचं बरं जमलं.

मी फोन यांच्या नाकाशी नेला. यांनी दोनदा वाचला.

"बारा गेल्या तर राडारोडा राहू दे पडून," हे म्हणाले. "नाही गेल्या तर रविवारी आत. मग मला काही बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"आई, तू ऐकलंस ना?"

"बहिरी नाही मी," सासूबाई म्हणाल्या.

टोपल्या तयार होत्याच. खोक्यांत भरून, स्कूटरला दोऱ्यांनी आवळून आम्ही दोन खेपांत पार्सल ऑफिसात नेल्या. रांग बाहेर उन्हापर्यंत आली होती. खिडकीशी बसलेल्या माणसाच्या गळ्यात शिंप्यासारखी टेप होती. आमच्या खोक्यांचा डोंगर बघून त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"काय आहे आत?"

"टोपल्या."

"टोपल्यांत काय?"

"काही नाही."

"म्हणजे रिकाम्या?"

"नवीन आहेत हो, भरलेल्या कशा असतील?"

त्यानं एक खोकं ओढलं. लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली, कॉम्प्युटरवर काहीतरी बडवलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला. आकडा बघून माझे डोळे पांढरे झाले. टोपलीच्या किमतीच्या चौपट. आणि तो एकाच टोपलीचा होता.

"अहो, पण ही किती हलकी आहे! वजन तरी करा."

त्यानं वजन केलं. काटा जेमतेम हलला. "वजन नाहीच काही. पण विमानात जागा किती खाते बघा. जड वस्तूचे वजनाचे पैसे, हलक्या वस्तूचे जागेचे. जे जास्त होईल ते घ्यायचं, असा नियम आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बाई, तुम्ही खोकंभर हवा पाठवताय. तिचं हे भाडं."

मागे रांगेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "तिकडे हवा मिळत नाही काय?" पुन्हा हशा. यांचे कान लालभडक झाले. यांनी खोकी उचलायला घेतली. घाईत एका खोक्याचं बूड सुटलं, टोपली रस्त्यावर गडगडत गेली. एका माणसानं ती पायानं अडवली आणि पायानंच आमच्याकडे ढकलली. त्याच्या मनात काही वाईट नसावं. पण यांनी ती उचलून पदराला पुसावी तशी शर्टाला पुसली, ते मला बघवलं नाही.

मी पलीकडच्या बाईंना आकडा कळवला. लपवून काय उपयोग? उत्तर लगेच आलं. "टोपल्या फार सुंदर आहेत. पण एवढं भाडं मला झेपणार नाही. आठवडाअखेरपर्यंत थांबते. काही मार्ग निघाला तर सांगा, नाही तर ऑर्डर रद्द समजा."

घरी आल्यावर यांनी फावडं आणून हौदाच्या भिंतीला टेकवून ठेवलं.

सकाळी मी भांडी घासत होते. राग होता तो भांड्यांवर काढत होते. घासून झाल्यावर नेहमीसारखी फळीवर रचली, लहान पातेलं मधल्यात, मधलं मोठ्यात, सगळी मिळून एकाच्या जागेत. आणि माझा हात तिथंच थांबला.

मी पळतच शेडमध्ये गेले. दोन टोपल्या घेतल्या आणि एक दुसरीत घालायला लागले. जाईना. दुसरी जोडी घेतली. जाईना. बाराच्या बारा तपासल्या. फळांच्या गाडीत एकीवर एक रचायच्या म्हणून भिंती सरळ उभ्या, तोंड बुडाएवढंच, आणि सगळ्या एका मापाच्या. केसाचा फरक नाही.

सासूबाई बघत होत्या. त्यांना हसू आलं. "जाईल कशी? एका कड्यातून निघालेल्या आहेत."

कडं म्हणजे लोखंडी कडं. शेडच्या खिळ्यावर लटकलेलं असायचं. व्यापाऱ्याच्या वडिलांनी दिलेलं माप होतं ते. गाडी भरायच्या वेळी व्यापाऱ्याचा माणूस प्रत्येक टोपलीवरून ते कडं घालायचा. अलगद घासून खाली गेलं तर टोपली पास. अडलं किंवा खुळखुळलं तर बाहेर.

"आई, तेच तर चुकलं ना आपलं!" मी म्हटलं. "सारख्या आहेत म्हणून तर बारा खोकी लागली. लहानमोठ्या असत्या तर एकीच्या पोटात सगळ्या बसल्या असत्या. एकाच खोक्याचं भाडं पडलं असतं."

"चुकलं?" त्यांनी काडी तोंडातून काढली. "माझी टोपली चुकली म्हणतेस?"

"चुकली नाही हो. एक लहान करा, एवढंच म्हणते."

"लहान." त्या कड्याकडे बघत राहिल्या. "नवी सून होते मी. पहिल्या वर्षी एक टोपली बोटभर लहान झाली. त्या माणसानं कडं घातलं, खुळखुळवलं, आणि सगळ्यांसमोर टोपलीत पाय घालून बूड फोडलं. म्हणाला, 'हिला डोळे आहेत की भोकं?' तुझे सासरे बाजूला उभे होते, मान खाली घालून. त्यानंतर माझी एकही टोपली बाहेर गेली नाही. एकही नाही. आणि आता तू सांगतेस लहान कर."

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. "आई, हौद जाईल हो," एवढंच म्हणाले.

त्यांनी काड्या ओढून घेतल्या.

मी पलीकडच्या बाईंना विचारून घेतलं, एकीत एक बसणाऱ्या बारा चालतील का. उत्तर आलं की चालतील काय, पळतील, पण सगळ्यांत मोठी फोटोत दाखवली तेवढीच हवी. इकडे सासूबाईंची पहिली लहान टोपली तयार झाली. मी मापून बघितली तर कड्याएवढीच! दुसरी विणली, तीही तेवढीच. बूड लहान धरलं तरी भिंत वर चढता चढता त्यांची बोटं काड्या बाहेर ढकलायची. यांनी ती बघितली आणि कपाळाला हात लावला.

"आईला सांगून उपयोग नाही. तिच्या हातात कडं बसलंय."

"तुम्ही फावड्याजवळ जाऊन बसा," मी म्हटलं.

तिसरी टोपली अर्ध्यावर आली तेव्हा सासूबाईंनी ती रागानं भिरकावली. ती शेजारच्या पाण्याच्या बादलीवर जाऊन उपडी बसली. त्या बघत राहिल्या. मग उठल्या, टोपली उचलली, पुन्हा बादलीवर बसवली, पुन्हा उचलली.

"सूनबाई, पेला आण."

"पाणी हवंय?"

"पाणी नको. रिकामा आण. मला बाहेरचं माप नको, आतलं दे."

पेला त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळला आणि उपडा ठेवून त्याच्यावर विणायला घेतलं. आता बोटांना बाहेर जायला कारण नव्हतं, आत काहीतरी धरायला होतं. पेल्यावरची टोपली मुठीएवढी झाली. मग तिलाच ओल्या चादरीची पट्टी गुंडाळून तिच्यावर दुसरी. दुसरीवर तिसरी. फडकं ओढून काढलं की दोन्हींच्या मध्ये नेमकी जागा राहायची, आणि आतली सुळकन सुटायची. मी पहिल्यांदा ती सोडवून बघितली तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. सासूबाई म्हणाल्या, "ओरडू नकोस, फडकं पिळ."

मग काय, कामाला नुसता ऊत आला. मी फोक सोलायचे, भिजवायचे, जाडबारीक निवडून त्यांच्या उजव्या हाताला ठेवायचे. ऊन असं पडलं होतं की पाण्यातून काढलेली काडी त्यांच्या हातात जाईपर्यंत वाळायला लागायची. त्यांच्या अंगठ्याला चीर गेली, त्यांनी तिच्यावर चिंधी बांधली. माझी कंबर धरली. त्यांनी कंबर धरल्याचं एकदाही म्हटलं नाही, म्हणून मलाही म्हणता येईना. आम्ही दोघी एवढा वेळ एकत्र कधी बसलो नव्हतो. त्या मधूनच म्हणायच्या, "तुझं तोंड फार चालतं." मी म्हणायचे, "तुमचा हात चालतो, माझं तोंड. कुणाचं तरी काहीतरी चालायला हवं." त्या खुदकन हसायच्या.

पण पाणी संपत आलं. हौदात जेमतेम घोटाभर राहिलं, आणि भारे उघडे पडले. वरचे फोक कडक व्हायला लागले. मोठ्या टोपल्यांना लांब, लवचिक फोक लागतात, आणि ते सगळे त्याच भाऱ्यांत होते. आणि अशा वेळी मला फावड्याचा आवाज आला.

मी हातातलं टाकून धावले. हे राडारोडा हौदात ढकलत होते. घामानं निथळत होते, आणि विटा धपाधप आत पडत होत्या.

"अहो! रविवारचं बोलणं झालं होतं ना आपलं! थांबा! आई तिकडे बोटं फोडून घेतायत आणि तुम्ही..."

"ओरडू नकोस गं. आधी बघ तरी."

मी बघितलं. यांनी एका बाजूच्या अर्ध्या भागातच ढकललं होतं. तिथलं पाणी सरकून दुसऱ्या बाजूला चढलं होतं. तिथं भारे रचून ठेवले होते आणि ते पुरते बुडाले होते. वरून वजनाला त्याच मोरीच्या फरशीचे तुकडे.

"एवढं पाणी पुरेल का तिला?" यांनी विचारलं.

मी पाण्यात उतरले आणि भारा दाबायला लागले. हे दुसऱ्या बाजूनं दाबायला लागले.

बारावी टोपली आली तेव्हा मी हातातलं काम टाकून बघत बसले. आतून बाहेर विणत आलेलो, प्रत्येकीच्या मध्ये फडक्याएवढी जागा सोडत. शेवटची नेमकी कड्याएवढी यायला हवी होती. लहान झाली तर बाई म्हणणार दाखवली ती ही नव्हे, मोठी झाली तर खोकं मोठं. सासूबाईंनी या वेळी मध्ये एकदाही मापलं नाही. काठ मुडपला, खिळ्यावरचं कडं काढलं आणि वरून सोडलं. ते अलगद घासत खाली गेलं आणि जमिनीवर टेकलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "हातात बसलंय म्हणत होता ना माझा लेक?"

कडं मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. मी खोकं शोधायला घरात गेले. परत आले तेव्हा त्या बाहेरच्या टोपलीच्या काठावर अजून काड्या गुंडाळत होत्या.

"काठ जाड झाला हो, आई."

"बाहेरची आहे ती. मार तिनं खायचाय."

पार्सल ऑफिसात सासूबाई स्वतः आल्या. धुतलेलं लुगडं नेसून, स्कूटरवर मागे, मांडीवर खोकं घेऊन. रिक्षातून आले ती मी. टेपवाल्यानं आम्हाला ओळखलं. "परत हवा का?"

"मोजा," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं लांबी, रुंदी, उंची मोजली. काट्यावर ठेवलं. "आज जरा जड आहे. किती नग?"

"बारा," मी म्हटलं.

"बाई, एका खोक्यात एक टोपली मावते. मीच मोजली होती. खोटं लिहिता येत नाही मला."

सासूबाईंनी खोकं उघडलं. पहिली काढून खिडकीवर ठेवली. तिच्यातून दुसरी, दुसरीतून तिसरी. खिडकी भरली तेव्हा त्याला शाईचा डबा आणि चहाचा कप बाजूला घ्यावा लागला. रांगेतला एकजण "अहो, आवरा लवकर" म्हणत होता, तोही मध्येच थांबला. पेल्यावरची शेवटची टोपली सासूबाईंनी टेपवाल्याच्या तळहातावर ठेवली.

"मोजून घ्या," त्या म्हणाल्या.

त्यानं खरंच बोटानं मोजल्या. मागून एक बाई म्हणाली, "ती छोटी कितीला हो?"

"सुटी मिळत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एकेक करून सगळ्या परत आत बसवल्या.

"आता वजन वाढलंय. वजनाचे घेणार का?" मी विचारलं. मला अजून धाकधूक होती.

"नाही, जागेचेच जास्त होतात. आत अजून चार विटा घातल्या असत्या तरी भाडं हेच."

सासूबाईंनी मान डोलावली. त्यांना नियम पटलेला दिसला. आकडा मी फोनवरून पलीकडच्या बाईंना कळवला आणि "हो, पाठवा" आलं तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

उरलेला राडारोडा हौदाकाठीच राहिला. पार्सल पोचलं, बाईंनी फोटो पाठवला. बारा टोपल्या ओळीनं मांडलेल्या, लहानीत एक इवलंसं काटेरी झाड. खाली लिहिलं होतं, मोठी टोपली इतकी दणकट आहे की मी ती उपडी घालून तिच्यावर उभी राहते आणि वरच्या फळीवरचं सामान काढते. आणखी सहा संच हवेत. मग त्यांच्या ओळखीच्या दुकानातून आणखी एकाची मागणी आली. यांनी उरलेल्या विटांनी हौदाची भिंत हातभर उंच केली, म्हणजे पुढच्या हंगामात पाणी जास्त धरेल. गाड्या धुवायचं नाव कुणी काढलं नाही. मी कधीतरी काढायचे, चिडवायला.

आणि मग एके दिवशी व्यापाऱ्याचा माणूस आला. पूर्वीच्या त्या पाय घालणाऱ्याचाच मुलगा. शेडमध्ये येऊन खाटेवर न विचारता बसला. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये फळांना घाम सुटतो म्हणाला, खालचा थर काळा पडतो. मालकांनी सांगितलंय, पुन्हा टोपल्या चालू करा.

"जुन्याच भावानं," तो म्हणाला. "आणि माप तेच. गाडी कधी पाठवू? कडं कुठंय?"

त्यानं खिळ्याकडे बघितलं. मीही बघितलं. खिळा रिकामा होता. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. मग आम्ही दोघांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या पेल्यावर फडकं गुंडाळत होत्या.

"कडं परदेशी गेलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मोठ्या टोपलीच्या काठात विणून टाकलं. तिकडे एक बाई त्याच्यावर उभी राहते."

मला हसू आवरेना. दणकट म्हणे! यांनी तोंड फिरवून घेतलं, पण खांदे हलत होते.

"अहो आजी, ते लोखंडाचं होतं! आमचं होतं ते!" माणूस उठून उभा राहिला. "मालक मला काय म्हणतील? आणि आता माप कशावर धरायचं?"

सासूबाईंनी हात पुढे केला. अंगठ्यावरची चीर भरून आली होती. "याच्यावर. टोपल्या पाहिजेत तर भाव आमची सूनबाई सांगेल, माप मी सांगेन. पाय कुणी घालायचा नाही."

"आणि आमचं कडं?"

"मागवून घ्या की," त्या म्हणाल्या आणि पहिली काडी पेल्याला लावली. "भाडं तेवढं आधी विचारून ठेवा."